वरकस जमिनीवर झाड कोणाच्या मर्जीचं?

कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यालगत शेतजमिनीची ढोबळ विभागणी पूर्वापार दोन प्रकारची. खाली पाणी धरून ठेवणारी भातखाचरं आणि वर डोंगरउतारावरची वरकस. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळा किंवा हरीक, आणि मग काही वर्षं ती पडीक टाकायची. पडीक काळात तिथे गवत माजायचं, ऐन-किंजळीच्या खोडांना फुटवे यायचे, गुरं चरायची. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर त्याचा टहाळही याच जमिनीवरून यायचा. महसुली दप्तरात ही जमीन हलकी ठरली, पण तिच्यावरचा पाला, गवत आणि शेण खाली उतरल्याशिवाय खालच्या खाचराचं भागत नव्हतं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत डोंगरावर झाडं लावण्याच्या जेवढ्या योजना आल्या, त्यांतल्या बहुतेकींची नजर नेमकी हिच्यावर गेली. कारण बाहेरून येणाऱ्याला ती रिकामी दिसते.

या पुस्तकाचा विषय उतारावरची वनशेती हा आहे. त्यातही, कोणतं झाड लावायचं हे ठरवण्यात त्या उतारावर राबणाऱ्या माणसाचा वाटा किती आणि कसा असावा, हा. लोकसहभाग हवा हे आता कोणीच नाकारत नाही. प्रत्येक प्रकल्प-अहवालात त्याचं एक प्रकरण असतं, आणि सगळ्यांनाच मान्य असल्यामुळे ते कोणी तपासत नाही. ग्रामसभा झाली, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले, आंबा, काजू, साग, बांबू अशी यादी मंजूर झाली, की सहभाग पुरा झाला असं समजायचं. माझं म्हणणं असं की त्या सभेच्या दिवशी निवडायला फारसं काही उरलेलंच नसतं. निवड त्याआधी वर्षभर रोपवाटिकेत होऊन गेलेली असते.

पावसाळ्यात लावायची रोपं आदल्या वर्षी पिशवीत भरावी लागतात. कोणत्या पिशवीत काय भरायचं हे ठरतं बी सहज मिळतं का, सगळं एकदम उगवतं का, वाहतुकीत टिकतं का, यावर. साग, गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांतल्या बहुतेक कसोट्यांना उतरतात. मोहाचं आणि जांभळाचं बी पडल्यापासून थोड्याच आठवड्यांत मरतं, हिरड्याचं कठीण कवच लवकर उगवू देत नाही. म्हणून ज्या झाडांची गावाला खरी सवय आहे ती रोपवाटिकेत कमी दिसतात, आणि जी तिथे नाहीत ती सभेत कोणी मागितली तरी यादीत येत नाहीत. राज्यात २०१६च्या जुलैत दोन कोटी झाडांपासून सुरू झालेलं वृक्षारोपणाचं उद्दिष्ट २०१९ साली तेहेतीस कोटींवर गेलं. आकडे असे फुगले की रोपवाटिकेपुढे एकच प्रश्न उरतो, संख्येचा. कोणत्या उतारावर, कोणाच्या बांधाला, कशासाठी, हे विचारायला तिथे सवड नसते.

हा तंटा नवा नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्यावर इंग्रजी वनखात्याने बंधनं घातली तेव्हा शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला, त्यातही वनखात्याच्या जाचाचा विषय आहे. वनखात्याच्या दृष्टीने टहाळ तोडणं म्हणजे झाडाची नासाडी. शेतकऱ्याच्या दृष्टीने टहाळ काढलेला ऐन हे औताच्या बैलाइतकंच कामाचं झाड. हिवाळ्यात फांद्या उतरवलेला ऐन खांबासारखा उभा राहतो, पुढच्या पावसात त्याला पुन्हा पालवी फुटते, आणि पीक उभं असताना त्याची सावली बेताचीच असते. आजच्या वनशेतीच्या पुस्तकांत छाटणीने सावली आवरण्यावर प्रकरणं असतात. राब योग्यच होता असं मात्र मी म्हणणार नाही. पाला-शेण जाळून खत करण्यात बरंच वाया जातं, आणि माणसं वाढली तसा टहाळाचा भारही वाढत गेला. चारसूत्री भातलागवडीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला थेट चिखलात गाडायला सांगितलं गेलं, ते सयुक्तिकच होतं. मुद्दा एवढाच की त्या माणसाने ऐन राखला होता तो विचार करून.

१९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं उभं राहिलं आणि उतारांवर निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्या रांगा दिसू लागल्या. निलगिरीला आणि ऑस्ट्रेलियन बाभळीला शेळ्या तोंड लावत नाहीत, हा खात्याच्या लेखी मोठा गुण. ज्याच्या दारात चार शेळ्या बांधलेल्या आहेत त्याच्या लेखी तोच दोष. सुबाभळीचं उलट होतं. पाला उत्तम, वाढ झपाट्याची, सत्तरच्या दशकात तिचा बराच बोलबाला झाला. पुढे दशकभरात तिच्यावर पाल्याचा रस शोषणारी एक बारीक कीड जगभर पसरली. फिलिपाइन्समध्ये उतारावर सुबाभळीची समपातळी कुंपणं लावायची पद्धत याच झाडाच्या जिवावर उभी होती, ती त्या किडीने हादरली. एकाच झाडावर सगळा डोंगर सोपवू नये हे कळायला तेवढी किंमत मोजावी लागली.

फिलिपाइन्सचा उल्लेख आला आहे तर क्लावेरियाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. मिंडानाओ बेटावरच्या या डोंगराळ तालुक्यात संशोधक झुडपांची कुंपणं घेऊन गेले. जमीन वाहून जायची थांबली, पण दरवर्षी छाटणीचं काम इतकं की शेतकरी कंटाळले. त्यांनी आपल्या परीने तोड काढली: समपातळीवर एक पट्टा नुसता न नांगरता सोडायचा. त्यात गवत आपोआप येतं, माती अडते, खर्च जवळपास शून्य. संशोधकांचं कौतुक असं की त्यांनी ही आपली हार मानली नाही, तीच पद्धत पुढे नेली. नव्वदच्या दशकात गावोगाव गट झाले, गवताच्या त्या पट्ट्यांवर शेतकऱ्यांनी आपल्या पसंतीची फळझाडं आणि लाकडाची झाडं लावली. त्यात आपल्याकडची शिवणही होती. मग सगळ्यांनीच शिवण लावली आणि लाकडाचा भाव उतरला. म्हणजे शेतकऱ्याची निवड ही बिनचूक असते असंही नाही. शेजाऱ्याने लावलं म्हणून आपण लावलं, हा प्रकार तिकडेही आहे.

आपल्याकडे या बाबतीत सर्वांत जास्त टिकलेला प्रयोग म्हणजे वाडी. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेत वांसद्याला त्याची सुरुवात केली, तिथून तो जव्हार-मोखाड्याकडे आला, आणि २००३-०४ मध्ये नाबार्डने त्याच धर्तीवर आदिवासी विकास निधी उभारला. एकेका कुटुंबाची एकरभर जमीन, तीत आंबा-काजूची कलमं, मधल्या जागेत नेहमीची पिकं, कडेला सरपणाची-लाकडाची झाडं. वाडीचं यश फळझाडांना दिलं जातं. मला ते कडेच्या झाडांतही दिसतं. आंबा पैसा देईल, पण तो काही वर्षांनी. तोवर सरपणाला, कुंपणाला, शेळीला काय, याचं उत्तर बांधावर असलं तर माणूस आंब्याची वाट पाहू शकतो. या कडेच्या झाडांची निवड जिथे कुटुंबावर सोडली तिथे बांध भरले, जिथे पिशव्या वाटल्या तिथे पुष्कळदा पिशव्याच उरल्या.

शेतकऱ्याला झाडाचं नेमकं काय कळतं, याचा अभ्यास नेपाळइतका बारकाईने क्वचितच कुठे झाला असेल. नव्वदच्या दशकात वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या आणि नेपाळमधल्या संशोधकांनी पूर्व नेपाळच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांशी बांधावरच्या चाऱ्याच्या झाडांबद्दल सविस्तर बोलणं केलं. शेतकरी झाडांची प्रतवारी पाल्याच्या पोषणावर करतात, गुराच्या शेणावर त्याचा काय परिणाम होतो यावर करतात, त्याखालची माती सुधारते की बिघडते यावरही करतात. आणि आणखी एका गोष्टीवर: पावसात पानावरून गळणारा थेंब केवढा आहे. पान मोठं, तर थेंब जाड, आणि तो खालच्या मातीला खड्डा पाडतो. हे ऐकायला बारीकसारीक वाटेल, पण उंचावरून पानांतून एकवटून पडणारा थेंब उघड्या मातीवर मूळच्या पावसापेक्षा जोरात आदळतो ही गोष्ट मृद्शास्त्रालाही ठाऊक आहे. आपल्या सागाखाली भर पावसात जाऊन पाहावं. रुंद पानं, खाली गवत विरळ, आणि माती खरवडल्यासारखी. बांधावर साग लावा म्हणणाऱ्या योजनांनी हे विचारात घेतल्याचं दिसत नाही. साग लावू नये असं नाही, पण तीव्र उतारावर, खाली गवत राखल्याशिवाय तो लावणं म्हणजे माती राखण्याच्या नावाने माती घालवणं आहे.

मग विचारायचं कसं? भरसभेत ‘कोणती झाडं हवीत?’ असं विचारलं की उत्तर आंबा, काजू येतं. ते खोटं नसतं, पण ते बरंचसं विचारणाऱ्याकडे पाहून दिलेलं असतं. योजनेत काय मिळतं हे गावाला आधीच माहीत असतं. त्याऐवजी शिवारफेरी करावी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, आणि विचारावं की मे महिन्यात गुरांना शेवटचा हिरवा पाला कोणत्या झाडाचा मिळाला. गेल्या काही वर्षांत या बांधावरून काय तोडलं आणि का. माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न असा: बेणताना आपोआप उगवलेलं कोणतं रोप तुम्ही राखता आणि कोणतं उपटता? माणसाची आवड-निवड त्याच्या बांधावर उभीच असते. आंबेगाव-जुन्नर-अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळ्यांच्या बांधांवर हिरडे उभे आहेत, ते कोणत्याही योजनेने लावलेले नाहीत. कोवळी फळं वेचून वाळवलेला बाळहिरडा हा तिथला हक्काचा रोकडा आहे. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हा हिरडा गेला तेव्हा त्याची भरपाई मागायला लोकांना झगडावं लागलं, कारण आंब्याचं नुकसान पंचनाम्यात सहज बसतं, हिरड्याचं बसत नाही.

चिंचोक्यांची पद्धत अनेकांना ठाऊक आहे. जमिनीवर खडूने रकाने आखायचे, आडव्या ओळीत झाडं, उभ्या ओळीत गुण, आणि प्रत्येक चौकोनात पसंतीप्रमाणे चिंचोके ठेवायचे. सरपण, चारा, टहाळ, रोकड, लाकूड, पिकाला सावलीचा त्रास, माकड-डुकरांपासूनचं भय. गुणांची नावं लोकांनीच सांगायची. पद्धत चांगली आहे, फक्त शेवटी बेरीज करू नये. बेरीज केली की एक झाड पहिलं येतं आणि तेच डोंगरभर लागतं. उताराला अनेक झाडं हवी असतात, प्रत्येकाचं काम एखाद-दुसरं. शिवाय एकच झाड माथ्यावरच्या मुरमाड पट्टीत वेगळं वागतं, पायथ्याच्या ओलीत वेगळं, आणि जांभ्याच्या कातळावर तर सुरुंग लावून खड्डा केल्याशिवाय उभंच राहत नाही.

बायकांची बैठक वेगळी घ्यावी हा सल्ला आता घासून गुळगुळीत झाला आहे, तरी त्यामागचं कारण पुन्हा सांगण्याजोगं आहे. पुरुष खोडाकडे पाहतात, बायका फांदीकडे. लवकर वाळणारं, सहज फुटणारं, कमी धूर करणारं सरपण कोणतं, याचं ज्ञान त्यांच्याकडे आहे. पण त्याहून मोठा मुद्दा पाण्याचा. एकरात साठ कलमं लावली आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत कलमामागे आठवड्याला दोन कळशा धरल्या, तर दर आठवड्याला सव्वाशेच्या आसपास कळशा डोंगर चढतात. त्या कोणाच्या डोक्यावरून? झाडांच्या यादीला मान डोलावणारा आणि कळशी उचलणारी ही बहुतेक घरांत एकच व्यक्ती नसते. यादीवर शेवटचा शब्द तिचा असला पाहिजे, आणि कमी पाण्यावर तगणाऱ्या आवळा, करवंद, बांबू यांचं मोल तिथे कळतं.

‘स्थानिक शेतकरी’ असं आपण एकवचनात म्हणतो, पण डोंगरावर तो एक नाही. कातकरी, ठाकर, धनगर यांना वनखात्याने दळी म्हणून कसायला दिलेल्या जमिनी आहेत, आणि त्यांचे दावे २००६च्या वनहक्क कायद्याखाली आले. त्या कायद्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, ही त्यातली मोलाची गोष्ट. पण दावा लटकलेला असताना त्या माणसाला वीस वर्षांत तयार होणारं झाड सुचवणं ही थट्टा आहे. दुसरीकडे कोकणातला खासगी सातबारा घ्या. सामायिक जमीन, नावं डझनभर, त्यांतली निम्मी मुंबईला. कसणाऱ्या चुलतभावाने पंधरा कलमं लावली की ती हिश्श्याची खूण ठरते आणि भांडणाला तोंड फुटतं. खंडाने कसणाऱ्याला तर मालक झाड लावूच देत नाही, नाचणी मात्र खुशाल कर म्हणतो. झाड न लावण्याची अशी किती तरी शहाणी कारणं असतात. सर्वेक्षणात ती ‘जागृतीचा अभाव’ या सदरात जमा होतात.

कायद्याचंही तसंच. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं आहेत, म्हणजे आपल्या मालकीच्या जमिनीतलं असलं तरी तोडायला परवानगी हवी. हेतू चांगला होता. परिणाम असा की बांधावर ऐनाचं रोप उगवलं की ते अंगठ्याएवढं असतानाच उपटलेलं बरं, असा हिशेब माणूस करतो. मोठं झालं की ते त्याचं राहत नाही. याउलट बांबूचं पाहा. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्याच्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू निघाला आणि वनाबाहेरच्या बांबूला मोकळीक मिळाली. सिंधुदुर्गात माणगा हा बिनकाट्याचा, भरीव बांबू शेतकरी आधीपासून परड्यात आणि बांधाला लावत होतेच. तोडायची मुभा, दरवर्षी थोडा थोडा पैसा, वणव्यानंतरही कोंब येण्याची आशा. माणग्याच्या लोकप्रियतेचं श्रेय कोणत्या शिबिराला देण्याचं कारण नाही. देशाने २०१४ मध्ये वनशेतीचं राष्ट्रीय धोरण केलं, त्यात तोड-वाहतुकीचे नियम सोपे करण्याचा मुद्दा ठळक होता. अनुसूचीतली देशी झाडं मात्र अजून आपल्याच हक्काच्या जमिनीत परकी आहेत.

हे सगळं वाचून तज्ज्ञांची गरजच काय, असं कोणाला वाटेल. गरज आहे, आणि ती नेमक्या ठिकाणी आहे. कोकमाचं उदाहरण घ्या. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते कळायला फुलोऱ्यापर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. घरात पिढ्यान्‌पिढ्या रातांबे असलेल्यालाही पिशवीतल्या रोपाकडे पाहून हे सांगता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मादी झाडांपासून कलमं करायची रीत बसवली, ‘कोकण अमृता’सारखी जात दिली, तेव्हा हा प्रश्न सुटला. वेंगुर्ल्याच्या काजूंच्या जातींनी दक्षिण कोकणात काय केलं हे वेगळं सांगायला नको. किडी, कलमं, बाजारभाव, मोहराच्या वेळी येणारा अवकाळी पाऊस, या बाबतींत आजोबांची आठवण आता पुरी पडत नाही. गावात कधी न पाहिलेल्या झाडाला गाव मागू शकत नाही, तेव्हा ते दाखवायला कोणीतरी लागतंच. दाखवावं, दोन-चार रोपं लावून बघायला द्यावीत, आणि ती मेली तर का मेली हे विचारायला परत यावं. हे परत येणं बहुतेक प्रकल्पांत अंदाजपत्रकाबाहेर असतं.

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दरडींनंतर दर वेळी डोंगरावर झाडं लावा अशी हाक उठते. मुळं वरची माती बांधून ठेवतात हे खरं, पण खोलवरून सुटणाऱ्या दरडीला ती पुरी पडत नाहीत. तिथे पाण्याचा निचरा आणि वस्तीची जागा हे प्रश्न आधी. वनशेतीवर हे ओझं टाकू नये, आणि त्या भीतीच्या भरात घाईने झाडंही निवडू नयेत.

पुढच्या पानांत ज्या पद्धती आहेत त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे वेळ. शिवारफेरीला माझ्या मते सर्वांत चांगला काळ शिमग्याचा. पिकं निघालेली, गवत वाळलेलं, वणवे कुठून कुठे गेले ते काळ्या पट्ट्यांवरून दिसतं, आणि कोणतं झाड त्यातही हिरवं आहे हेही दिसतं. मोहाला फुलं असतात. मुख्य म्हणजे सातबाऱ्यावरची मुंबईची नावं पालखीसाठी गावात आलेली असतात, त्यामुळे सामायिक उतारावर काय लावायचं, त्यात कोणाचा किती हिस्सा, हे सगळ्यांच्या समोर बोलता येतं आणि लिहूनही घेता येतं. त्या यादीवरून चैत्र-वैशाखात गादीवाफे आणि पिशव्या तयार कराव्यात. ज्येष्ठात मोह आणि जांभूळ यांचं बी पडेल ते ताजंच पेरावं, आणि रोपं जमिनीत जातील ती त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. योजनेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे बहुधा शिमग्याच्याच आगेमागे, जेव्हा कचेरीत सगळ्यांना निधी खर्च झाल्याचं दाखवायची घाई असते. शिवारफेरीला यायला त्या आठवड्यात साहेबांना वेळ होणार नाही. त्यांच्यावाचून निघावं, यादी मागाहून पाठवावी.